जिन्यावरचं पंचचामर

४ फेब्रुवारी, मंगळवार

ठप्. ठप्. मग जरा थांबून, जोरात, ठप्प.

सकाळी दाढी करताना हा आवाज आला आणि हात गालावरच थांबला. पंचवीस वर्षांत हा आवाज या घरात झाला नव्हता. मागच्या दाराच्या दगडी पायरीवर कोणीतरी बॅलेचे नवे बूट आपटत होतं. क्षणभर वाटलं, आता स्वयंपाकघरातून ही ओरडेल, "अगं, पायरी फुटेल!" आणि लेक उलट ओरडेल, "आधी बूट फुटू दे!" साबण वाळून गाल ओढायला लागला तेव्हा भानावर आलो. ही जाऊन नऊ वर्षं झाली. लेक खाडीपलीकडच्या गावी बोटीच्या तिकीटखिडकीवर बसते. मागच्या दारी होती ती तिची मुलगी, माझी नात.

या बुटांचं नाक पुठ्ठ्यासारखं कडक असतं, कारण मुली त्या नाकावर उभ्या राहतात. नवे असले की रंगमंचावर टक् टक् वाजतात. पाखरू टक् टक् करत आलं तर त्याला पाखरू कोण म्हणेल? म्हणून आधी ते दगडावर बडवायचे, दाराच्या फटीत चेपायचे, हातांनी वाकवायचे. गुलाबी रेशमाच्या वस्तूला असं झोडपताना पाहिलं की मला अजून कसंतरी होतं.

लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून मी नातीला भिंगरी म्हणू लागलो. आता सगळेच म्हणतात. वय एकोणीस. नाचाचा हॉल इथून दोन गल्ल्यांवर, म्हणून प्रयोग होईपर्यंत ती माझ्याकडे राहणार. प्रयोग आठ मार्चला. घरात पुन्हा कोणीतरी धावतंय, म्हणून ही वहीही पुन्हा उघडली.

बॅलेचं नाव ‘काचेचं पाखरू’. एक काच फुंकणारा कारागीर काचेची पक्षीण घडवतो. पहाटेच्या धुक्यात ती जिवंत होते. अट एवढीच, की उबदार हात लागला तर तिचं पाणी होईल. आणि त्या वेड्याला हात लावल्यावाचून राहवत नाही. भिंगरी पक्षीण होणार आहे. म्हणजे, ती किंवा दुसरी एक मुलगी. दोघी तोच नाच शिकताहेत. मोठ्या नृत्यशाळेचे परीक्षक पहिल्या प्रयोगाला येणार, आणि पहिला प्रयोग एकीलाच मिळणार.

"आणि नाही मिळाला तर?" मी विचारलं.

"तर पुढच्या वर्षी मी वीस," ती म्हणाली. "ते वीसच्या मुली घेत नाहीत."

वीस वर्षांची म्हातारी! मी हसलो. ती हसली नाही.


६ फेब्रुवारी, गुरुवार

आज स्वयंपाकघरात एक शोध लागला.

भिंगरी टेबलावर बोटं आपटत बसली होती. चहा निवला, पावाचा तुकडा तसाच. म्हणाली, "शेवटचा नाच पाचाचा आहे, आजोबा. आम्हाला आठ मोजायची सवय. आठ म्हणजे कसं, घरच्यासारखं. पाच मोजले की एक पाय हवेतच राहतो."

"वाजवून दाखव."

तिनं वाजवलं. एक आखूड, दोन लांब. आखूड, लांब, लांब. मी खुर्चीवरून उठलोच. "ल गा गा! अगं, हा तर भुजंगप्रयात!"

"आता साप कुठून आला?"

मग तिला शिकवलं, चौतीस वर्षं वर्गात शिकवत होतो तसं. ल म्हणजे लघु, एक मात्रा. गा म्हणजे गुरु, दोन मात्रा. एक, दोन, दोन, झाले पाच. असे चार तुकडे की एक ओळ. नाव सापाचं, पण चाल अशी की ओळ पाण्यावरून जावी. तिच्या त्या शेवटच्या नाचात पाच-पाचाचे आठ तुकडे आहेत, म्हणजे बरोबर दोन ओळी. दुपारभर बसून तिच्यासाठी केल्या:

उभी एकटी काच पाण्यात माझी
नको हात लावूस, होईल पाणी

संध्याकाळी ती खुर्चीची पाठ धरून डाव्या पायाच्या टोकावर उभी राहिली. ओठात ओळी. दुसरी ओळ सुरू झाली आणि तिनं खुर्ची सोडली. स्वयंपाकघरात, कपबश्यांच्या मधे, एका पायावर, हात न हलवता. ‘पाणी’ला हळूच टाच टेकली.

"आजोबा, मी मोजलंच नाही!"

चौतीस वर्षांत किती मुलांनी माझ्यासमोर कविता घडाघडा म्हटल्या. उभी कोणीच राहिली नव्हती.


९ फेब्रुवारी, रविवार

गुडघ्याच्या गोळ्यांची नवी पाकिटं आणली. तीस गोळ्या, रोज संध्याकाळी एक.

रविवार म्हणजे लेकीचा फोन. फोन वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी आहे. तिथल्या स्टुलावर मी पाच मिनिटं आधीच जाऊन बसतो.

"तिचा पाय कसा आहे?" लेकीनं विचारलं. आधी माझी चौकशी नाही, काही नाही.

"पाय? पायाला भिंगरी बांधलीय तिच्या!"

"बाबा, मी कविता नाही विचारली."

आमचं हे असं. लेकही त्याच हॉलमध्ये, त्याच बाईंकडे नाचायची. एकोणिसाव्या वर्षी मोठी भूमिका मिळाली. प्रयोग इतका सुरेख झाला की माझ्या शेजारचे अनोळखी गृहस्थ रडले. त्यानंतर तिनं बूट पायात घातले नाहीत. कंटाळली असावी. त्या प्रयोगाआधी दुखण्याची कुरकुर करायची खरी. मी तिला धीराचं एक कडवं म्हणून दाखवलं होतं, छान चालीत. ते तिला आवडलं नसावं. तेव्हापासून आमचं बोलणं बोटीच्या वेळापत्रकासारखं आहे, नेमकं आणि वेळेवर. हल्ली चालताना ती डावा पाय जरा ओढते. खिडकीवर बसून बसून होतं तसं.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, "तुम्ही बघताय ना तिच्याकडे?"

"बघतो ना. दिवसभर तेच तर करतो."


१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी हॉलवर बोलावलं. मला वाटलं, सत्कार!

हॉल तस्साच आहे. भिंतीला लांब लाकडी दांडी, तिच्यासमोर आरसे, कोपऱ्यात पियानो, आणि घामाचा व बुटांना चोळायच्या राळेचा वास. बाई माझ्याच वयाच्या, पण पाठ फूटपट्टीसारखी. हातातल्या काठीनं जमिनीवर ठोके देतात.

"मास्तर, ही मुलगी ओठ हलवते. विचारलं तर म्हणते, आजोबांची कविता आहे. माझ्या हॉलमध्ये कविता?"

"ताल चुकतो का तिचा?"

बाई जरा घुटमळल्या. "तीच तर तक्रार आहे. चुकत नाही."

तिथं दुसरी मुलगीही पाहिली. हिला सगळे घड्याळ म्हणतात. सडपातळ, गंभीर, नाचताना आणि पाणी पिताना सारखी मोजत असते. आणि कारागीर होणारा मुलगा, तो शिडी. एवढा उंच, की आरशात त्याचं डोकं मावत नाही.

"आजोबा, मलापण काहीतरी लिहून द्या ना," शिडी म्हणाला. "माझे पाय कुठे संपतात तेच मला कळत नाही."

"तुला कविता नाही पुरायची. तुला महाकाव्य लागेल."

घड्याळ मात्र हसली नाही. म्हणाली, "मी मोजते तेच बरं. कवितेत चूक झाली तर कळणार कुणाला?"

"मला," मी म्हणालो.

मग बाईंनी सगळ्यांना गोळा केलं आणि काठी दोनदा आपटून सांगितलं: पहिला प्रयोग भिंगरीचा. घड्याळ तोच पोशाख घालून पडद्याआड तयार राहील. सगळे भिंगरीच्या गळ्यात पडले. घड्याळ दांडीपाशी गेली आणि आरशाकडे पाठ करून पुन्हा पाय उचलू लागली, एक दोन तीन चार पाच. जरासुद्धा वाईट वाटलेलं दिसलं नाही. घड्याळाला कुठे वाईट वाटतं म्हणा.

घरी येताना भिंगरीनं माझी काठी मागितली. "द्या हो, म्हातारीचं सोंग करते." आणि सगळी गल्ली ती काठी टेकत, वाकून वाकून चालली. मला इतकं हसू आलं की दिव्याचा खांब धरून उभा राहिलो.


१८ फेब्रुवारी, मंगळवार

केवढी गंमत! मुलगी आता चालतेसुद्धा वृत्तात.

दुपारी मी वर पडलो होतो. ती तालमीहून आली आणि जिना चढू लागली. हलकं पाऊल, ठाम पाऊल. हलकं, ठाम. लगा लगा लगा लगा. मी अंथरुणात बोटं मोजत गेलो. सोळा पायऱ्या. पंचचामर! सोळा अक्षरांचं, आठ लगांचं, अगदी चोख पंचचामर आमच्या लाकडी जिन्यावर! ती दारापर्यंत पोचायच्या आत ओळ तयार होती:

हळू हळू चढे वरी उन्हात न्हायली परी

तिला म्हणून दाखवली. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. चेहरा लाल. म्हणाली, "छान आहे, आजोबा," आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. लाजली.


२० फेब्रुवारी, गुरुवार

आज मनाला एक गोष्ट लागून राहिली आहे. इथे लिहिली नाही तर कुठे लिहू?

गोळ्या मोजल्या. नऊ तारखेपासून रोज एक, म्हणजे अकरा गेल्या. एकोणीस राहायला हव्यात. पंधरा आहेत. म्हणजे चार दिवस मी दोन-दोन घेतल्या आणि मला आठवत नाही. माझे वडील शेवटी शेवटी मला ‘तुम्ही कोण?’ विचारायचे. त्यांचंही असंच, औषधापासून सुरू झालं होतं.

भिंगरीला सांगितलं. तिच्या हातातून चमचा पडला. "तसं काही नसेल, आजोबा. तुमचं मोजण्यात चुकलं असेल."

"मोजण्यात? मी? अगं, मी मात्रा मोजणारा माणूस! त्यापेक्षा असं कर, गोळ्यांचा डबा तूच ठेव. रोज तूच एक देत जा."

"नको!" ती एवढ्या जोरात म्हणाली की मी दचकलो. मग भांडी पुसायच्या फडक्यात तोंड खुपसून रडायला लागली. किती जीव आहे पोरीचा माझ्यावर. तिची समजूत घालता घालता माझी भीती निम्मी झाली.

फ्रिजमधला बर्फही संपलाय. मी तर बर्फ घेत नाही. की घेतो?


२६ फेब्रुवारी, बुधवार

तिचं पाखरू होत चाललंय. थोडं खाते. घरात मोजे घालून हवेवर चालल्यासारखी चालते. संध्याकाळी मागच्या पायरीवर बसते, पाय गार पाण्याच्या बादलीत, तळ्याकाठच्या पक्ष्यासारखी. मी शेजारी खुर्ची टाकतो आणि ती म्हणते, "म्हणा ना, आजोबा." मग मी त्या दोन ओळी म्हणतो. पुन्हा म्हणतो. समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे हलत असतात, उजेड आधी पिवळा होतो, मग राखाडी. किती वेळ गेला ते दोघांनाही कळत नाही.

आज ती डोळे मिटून म्हणाली, "ही ओळ सुरू झाली ना, की मला काहीच जाणवत नाही."

एवढी दाद मला उभ्या आयुष्यात कोणी दिली नव्हती.


२ मार्च, रविवार

आज अक्षर वाईट येईल.

लेकीचा फोन आला. मी वर स्टुलावर. "भिंगरी आहे का?" तिनं विचारलं. मी खाली हाक मारली, "अगं, आईचा फोन!" आणि रिसीव्हर तसाच हातात धरून बसलो. भिंगरी जिना चढू लागली. हलकं, ठाम. हलकं, ठाम.

फोनमधून लेक म्हणाली, "बाबा, हे कोण चढतंय?"

"भिंगरीच की. ऐकतेस ना? तुला सांगणारच होतो, हे अगदी पंच..."

"मला वाटलं, मीच."

रिसीव्हर कानाला होता, जिन्यावर पावलं येत होती. आणि मला ऐकू आलं. पंचवीस वर्षांपूर्वीचं. हाच जिना, याच सोळा पायऱ्या, प्रयोगाआधीचे तेच दिवस. डावा पाय टेकवला की दुखतो म्हणून तो पटकन उचलायचा, हलकं. उजव्यावर सगळा भार टाकून दम घ्यायचा, ठाम. लगा लगा. तेव्हा मी खाली वह्या तपासत असायचो आणि म्हणायचो, वा, काय ठेका आहे.

भिंगरी वर पोचली. हसून हात पुढे केला, "द्या." मी रिसीव्हर दिला आणि खाली आलो. बादली. बर्फ. काठी. गोळ्या. रडणं. एकेक वस्तू स्वयंपाकघरात आपापल्या जागी होती. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं.

‘हळू हळू चढे वरी.’ मीच लिहिलंय, अठरा तारखेला, या वहीत. हळू लिहिलं. का हळू, ते विचारलं नाही.


३ मार्च, सोमवार

सकाळी तिच्यासमोर बसलो. "मोजा काढ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. कसं कळलं, हे विचारलं नाही. मोजा काढला. पायाची वरची बाजू सुजून चकचकीत झालेली, जरा बोट टेकवलं तर तिचा श्वास आत ओढला गेला.

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"आईला?"

"आईला सांगितलं असतं तर ती पहिल्या बोटीनं आली असती."

"आणि माझ्या गोळ्या?"

तिनं मोजा मुठीत चुरगाळला.

"मला वाटलं, मी विसरायला लागलो. वडिलांसारखा."

"माहितेय." तिनं तोंड फिरवलं. "ते पायापेक्षा वाईट होतं, आजोबा. रोज वाटायचं, सांगावं. आणि रोज वाटायचं, अजून थोडे दिवस."

मग माझे दोन्ही हात धरले. "पाचच दिवस राहिले. पाच! तुम्हीच शिकवलंत ना पाच मोजायला, पाच झाले की टाच खाली. मी टेकवीन. प्रयोग होऊ दे, मग वर्षभर पलंगावर झोपून राहते. परीक्षक पुन्हा येणार नाहीत. मी पुन्हा एकोणीस होणार नाही."

मी काय केलं ते लिहितो, कारण ही वही कोणी वाचणार नाही. ती बूट घेऊन तालमीला गेली आणि मी खिडकीतून पाहत राहिलो. कोपऱ्यापर्यंत सरळ चालली, मी पाहतोय हे माहीत असल्यासारखी. वळल्यावर भिंतीला हात लावला.

मी तिला जाऊ दिलं. पंचवीस वर्षांपूर्वी निदान मला माहीत नव्हतं, अशी सबब होती. आज तीही नाही. खरं सांगायचं तर मला ती पडद्यासमोर, एका पायावर, माझ्या ओळीवर उभी राहिलेली पाहायची होती. माझ्या ओळीवर.


४ मार्च, मंगळवार

सकाळीच हॉलवर गेलो. बाई एकट्याच होत्या, झारीनं जमिनीवर पाणी शिंपडत होत्या.

सांगितलं. पायाचं, गोळ्यांचं, बादलीचं. आणि ती ओळ म्हटली की तिला दुखत नाही, हेही.

बाई झारी खाली ठेवून पियानोच्या बाकावर बसल्या. म्हणाल्या, "तुमच्या लेकीच्या वेळी का नाही आलात?"

"मला दिसलं नाही."

"मलाही नाही. रोज समोर नाचत होती." त्यांनी काठी जमिनीवर टेकवली, पण ठोका दिला नाही. "मी आकडे मोजत होते, मास्तर, आणि तुम्ही मात्रा."

तेवढ्यात मुली आल्या. भिंगरीनं मला बाकाशेजारी पाहिलं आणि दारातच थांबली.


५ मार्च, बुधवार

हाडाला बारीक चीर आहे. डॉक्टर म्हणाले, अजून एकदा त्या पायाच्या टोकावर उभी राहिली असती तर हाड तुटलं असतं, आणि मग नाच नाही, जिनाही नाही. सहा आठवडे प्लास्टर. त्यानंतर नाचेल, सावकाश.

‘नाचेल’ म्हटल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे पाहत होती.

बोलत नाही माझ्याशी. शिडीनं तिला उचलून जिन्यावरून वर नेलं. चढताना त्याचं डोकं छताला आपटलं, तरी कोणी हसलं नाही. खोलीच्या दाराशी ती एकच वाक्य बोलली.

"हात लावलात ना, आजोबा. झालं आता पाणी."


७ मार्च, शुक्रवार

सकाळच्या बोटीनं गेली. बाई आणि शिडी पोचवायला गेले. मला ‘तुम्ही नका येऊ, धक्क्यावर वारा असतो’ म्हणाली. हे प्रेमानं म्हणाली की कसं, ते मला ठरवता येईना.

दुपारी फोन वाजला. रविवार नाही, तरी लेकीचा.

"पोचली ती. झोपलीय." मग थांबून, "बाबा, तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत?"

"हो. एक दिवस उशिरा."

पलीकडे बोटीचा भोंगा वाजला. ती तो संपेपर्यंत थांबली.

"एक दिवस चालतो," म्हणाली.

"तुझ्या वेळी..." मी सुरुवात केली. चौतीस वर्षं शब्दांवर पोट भरलं, आणि आता एक शब्द सापडेना. कडवं तर नाहीच. "तुझ्या वेळी मी ऐकायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

दोघांनीही फोन ठेवला नाही. मग तिनं विचारलं, "तुमचा गुडघा कसा आहे?"

रविवार नसताना, तेही न मागता.


८ मार्च, शनिवार

आज प्रयोग. दुपारचे दोन वाजलेत. मी जाणार नाही. तिकीट टेबलावर आहे, त्याच्यावर बशी ठेवलीय, उडून जाऊ नये म्हणून. का उडून जाऊ नये, हेही नीट सांगता येत नाही.

मला बाकी कशाचं काही नाही. पण पडदा उघडेल, पियानो पाचाचा तो तुकडा सुरू करेल, आणि तिथं जी उभी असेल ती मोजत असेल. चूक तिची नाही. तिची पाळी होतीच. मी मात्र अंधारात बसून त्या दोन ओळी मनात म्हणत राहीन, आणि त्या कुणाच्याच पायाला लागणार नाहीत. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. घर इतकं शांत झालंय की नळाचा थेंबसुद्धा मला लघु की गुरु असं

मागच्या पायरीवर आवाज झाला.


चार वाजता, कोट घालून

पुरं करून टाकतो.

ठप्. ठप्. थांबून, ठप्प. मी उठलो ते खुर्ची पाडूनच. भिंगरी, असं वाटलं. मग वाटलं, वेड्या, तिच्या पायाला प्लास्टर आहे. मग, देवाशप्पथ, वाटलं, लेक. कडी काढायला हात धजेना. तेवढ्यात आणखी एकदा, ठप्प.

दार उघडलं. पायरीवर घड्याळ बसली होती. केस वर बांधलेले, डोळ्यांना अर्धीच रंगरंगोटी, अंगात पोशाखावरून घातलेला बापाचा असावा असा मोठा स्वेटर. हातात नवे बूट. मला पाहून ताडकन उठली.

"भिंगरीचा सकाळी फोन आला होता," ती एका दमात म्हणाली. "म्हणाली, बूट बडवायला तुमच्याच पायरीवर जा, गावात याच्यासारखा दगड नाही. आणि म्हणाली, ती ओळ आजोबांच्या तोंडून ऐक, मी सांगणार नाही, माझं चुकेल. मी सगळं करते आजोबा, पण त्या शेवटच्या पाचात अडकते. मला मोजता येतं. थांबता येत नाही." श्वास घेतला. "आणि एक निरोप आहे. म्हणाली, शब्द न् शब्द सांग: गोळ्या मी सात घेतल्या, सात, तुमचं डोकं अगदी ठिकाणावर आहे, हे वहीत लिहून ठेवा."

लिहून ठेवलं.

तिला वाटलं, मी लगेच ओळ म्हणेन. ओठ तयारच होते तिचे. माझेही होते. पण माझं लक्ष खाली गेलं. गार दगडावर तिचे अनवाणी पाय होते, आणि ती एकावर जास्त भार देऊन उभी होती.

"कुठे दुखतंय का?" मी विचारलं.

ती चमकली. आयुष्यात पहिल्यांदाच मोजायची थांबली असावी.

"नाही," म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, हळूच, "हा डावा अंगठा. थोडासा."

"आत ये," मी म्हणालो आणि दार पूर्ण उघडलं. "आधी तो बघू. ओळ नंतर."